पाहिलेलं गाणं

आमच्या गुढियारीच्या खोलीत टेबलफॅन एकच होता आणि त्याचं तोंड बाबांच्या पाळीप्रमाणे फिरायचं. बाबा रात्रपाळी करून आले की दिवसाचा वारा त्यांचा, दिवसपाळी असली की रात्रीचा. आई, माझा मोठा भाऊ मिलिंद आणि मी, आम्ही तिघं उरलेल्या वाऱ्यावर. एप्रिलमध्ये रायपूरची भिंत संध्याकाळीही हाताला चटका देते. आई भिंतीवर पाणी मारायची, ते वाफ होऊन आमच्याच अंगावर यायचं आणि त्या वाफेत मिलिंद गुणगुणत बसलेला असायचा.

बाबा उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये होते. लालभडक सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलाच्या तोंडात द्यायची, हे काम. भाजल्याच्या खुणा सगळ्यांना दिसायच्या. कान मात्र गुपचूप गेले. आधी त्यांना पाखरं ऐकू येईनात, मग कुकरची शिट्टी, मग आई. आई धान्यबाजारात गोदामांपुढं सांडलेलं धान्य झाडायला जायची. माती-खड्यांसकट घरी आणायची, पाखडायची, निवडायची. आमच्या वरणात तूर, मसूर, हरभरा सगळे एकत्र असायचे. वरण असंच असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. घरात पैसा नव्हता हे सांगताना मला लाज वाटत नाही आणि त्याची गोष्ट करून मिरवावंसंही वाटत नाही. नव्हता, एवढंच.

मिरवायचं ते एकच. मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते, न विचारता सांगते.

मिलिंद दहावीनंतर मिरचीच्या गोदामात लागला. पोती उतरवायची, थप्पी लावायची. त्यामुळं त्याच्या आवाजात कायमची एक खवखव बसली होती. गाण्याआधी तो दोनदा खाकरायचा आणि मग जो आवाज निघायचा त्याला मिरचीचीच धार असायची. गाणी तो स्वतः जोडायचा, पोती वाहता वाहता, आणि डोक्यातच ठेवायचा. जयंतीच्या महिन्यात ती स्टेजवर म्हणायचा. त्यातलं एक अजून रायपुरात फिरतं.

*दिवा नव्हता घरी, आम्ही वात झालो रे,*
*मुक्या होत्या वस्त्या, आम्ही बात झालो रे.*

पहिल्या कडव्यात आम्हीच आहोत.

*बाप भट्टीपाशी, माय पाण्याच्या रांगेला,*
*पोरगी शिकते आमची खांबाच्या उजेडाला,*
*जळता जळता आम्ही प्रभात झालो रे.*

खांब-बिंब काही नव्हता. घरात बल्ब होता, मी त्याच्याखाली बसून अभ्यास करत होते. मी त्याला म्हटलं, "दादा, खोटं काहून लिहितं?" तर म्हणाला, "अवं, गाण्यात खांबच लागते. बल्ब बसत नाही त्याच्यात. बसवून दाखव तू, कॉलेजवाली."

मी बसवून पाहिला. बसला नाही.

*

आता पुन्हा एप्रिल आहे. ऑफिसातून परत येताना गुढियारीच्या पुलाखालून गाडी काढली की वर निळ्या पताकांच्या रांगा दिसतात. दुपारच्या झळीत त्या हलत नाहीत, नुसत्या लटकून असतात. आणि कुठल्यातरी पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, साउंडवाल्याचं "हॅलो, हॅलो, चेक" सुरू झालेलं असतं. ते ऐकलं की माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. वर्षातले हे दिवस मी कानांना सांगून ठेवून काढते, की कुठूनही येईल, तयार राहा.

आमच्याकडं जयंती एका दिवसात आटपत नाही. पार्ट्या मोजक्या, म्हणजे गाणारी मंडळी. पेटीवाला एक, ढोलकवाला एक, आणि वस्त्या पुष्कळ. म्हणून जुन्या लोकांनी वाटून घेतलं होतं. या रविवारी उरला, पुढच्या रविवारी भनपुरी, मग गुढियारी, असं करत करत बुद्धपौर्णिमेपर्यंत उन्हाळा गाण्यातच जायचा. दुपारी घराघरांतून हाच विषय. यंदा कुठं जायचं? कुणाकडं कोणती पार्टी आहे? कुणाकडं जेवण आहे? माझ्या लहानपणी आम्हाला दुसरी कुठली सुट्टीतली गावं नव्हती. आम्ही कार्यक्रमांना जायचो.

आणि त्या गाण्यांचा एक रिवाज आहे. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. नाव आलं की ढोलकवाला अंगात आल्यासारखा वाजवतो, लोकांना कळतं की गाणं आता उतरणार, मागं बसलेले उठून उभे राहतात. नाव नसलेलं गाणं आमच्याकडं गाणं धरत नाहीत. ते कुणाचंही.

मिलिंदनं ते गाणं पहिल्यांदा उरल्याच्या कार्यक्रमात म्हटलं. मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी बी.ए. फायनलचा पेपर होता. मी निघत होते, त्यानंच थांबवलं. "तू पेपर दे. तुह्या पेपरासाठी थ्या लोकायनं तारीख बदलली असती तं गोष्ट वेगळी." आई शेजारच्या बाईच्या बाळंतपणाला थांबली होती. घरातून एकटे बाबा गेले, ज्यांना ऐकू येत नव्हतं. ते स्टेजच्या अगदी पुढ्यात बसले, कारण मुलगा दिसायला पाहिजे.

शेवटचं कडवं मिलिंदनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तालमीतही नाही. विचारलं की म्हणायचा, "स्टेजवर ऐकजा." दोन कडवी झाली. तिसरं सुरू होणार आणि लाइट गेली. माइक मेला, पंखे थांबले, पोट्टे शिट्ट्या मारायला लागले, बायका आपापली लेकरं शोधायला उठल्या. लाइट आलीच नाही. लोक घरी गेले.

मग मे महिना. गुढियारीत त्या उन्हाळ्यात घरोघरी कावीळ होती. मिलिंदला झाली. कुणी गळ्यात माळ घातली, कुणी उसाचा रस सांगितला, दवाखान्यात नेलं तेव्हा त्याची नखंही पिवळी झाली होती. मे संपायच्या आत तो गेला. जूनमध्ये माझा निकाल लागला. मी पास झाले.

*

लाइट जाईपर्यंतचं गाणं उरल्याच्या साउंडवाल्याच्या मशीनवर उतरलं होतं. त्याच्याकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं. काही वर्षांत रायपूरच्या सगळ्या साउंडवाल्यांच्या पेनड्राइव्हवर मिलिंद होता.

हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हाला ते असंच कळलं. मी एकदा भनपुरीच्या बाजारात काकड्या निवडत होते. मागून मिरवणूक येत होती, गाडीवर साउंडचे डबे लावलेले. आधी दोनदा खाकरल्याचा आवाज आला. मग "दिवा नव्हता घरी." काकडीवाली म्हणाली, "दीदी, कितना तौलूँ?" मिरवणूक माझ्या अंगावरून गेली. बाजारातल्या कुणाला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. ती आपली कुणाच्या तरी आवाजात नाचत गेली.

तेव्हापासून दर एप्रिलला तो येतो. कधी बसमध्ये असताना रेल्वे लाइनच्या पलीकडून, कधी ऑफिसच्या खिडकीतून, अर्धी ओळ, वाऱ्याची दिशा बदलली की गायब. एकदा मी फायलीवर सही घ्यायला साहेबांपुढं उभी होते आणि बाहेरून मुखडा आला. साहेब म्हणाले, "क्या हुआ मैडम?" मी म्हटलं, "कुछ नहीं सर, पहचान का है।"

आई मात्र त्याला शोधत जाते. ती कार्यक्रम निवडते ते यावरूनच. जेवण कुठं आहे, पार्टी कोणती आहे, हे इतर बायका विचारतात. आई साउंडवाल्याचं नाव विचारते. उरल्याचा साउंडवाला कार्यक्रमाआधी लोक जमेपर्यंत ते रेकॉर्डिंग लावतो. म्हणून आई दरवर्षी उरल्याला जायची, सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजीवर बसायची, आणि मी तिच्यासोबत.

तिथं दरवर्षी एक गोष्ट घडते आणि मला तिची सवय झालेली नाही. दुसरं कडवं संपतं, मिलिंद तिसऱ्यासाठी श्वास घेतो आणि आवाज तुटतो. ते तुटणं असं असतं की मांडवातली सगळी माणसं मान वर करून बल्बकडं बघतात. त्यांना वाटतं लाइट गेली. बल्ब जळत असतो, पंखे फिरत असतात. लोक एकमेकांकडं बघून हसतात आणि पुन्हा बोलायला लागतात. त्या वर्षीची लाइट अजून दरवर्षी जाते. आम्ही दोघी वर बघत नाही.

मी आईला म्हटलं होतं, मोबाइलमध्ये घेऊन देते, पाहिजे तेव्हा ऐक. घेऊनही दिलं. तिनं एकदा ऐकलं आणि मोबाइल परत केला.

"नोको. याच्यात तो लहान होऊन जाते."

*

भनपुरीला एकदा गेलो होतो. तिथं सुदामभाऊंची पार्टी. सुदामभाऊ मिलिंदचे जोडीदार, त्याच्या गाण्यांवर ढोलक त्यांचीच. त्यांनी "दिवा नव्हता घरी" धरलं तेव्हा आईनं माझा हात पकडला. जिवंत माणसाच्या तोंडून, पेटी-ढोलकीसकट. दोन कडवी झाली आणि गाणं तुटलं नाही. तिसरं कडवं आलं. आई पुढं सरकली. आणि शेवटी नाव आलं, "सुदाम सांगे."

आई उठली. चप्पल हातात घेऊन रस्त्यावर आली आणि तिथं घातली. सिटीबसमध्ये एवढंच म्हणाली, "ठोकलं न आपलं नाव. ट्रकवर ठोकते तसं."

सुदामभाऊ ट्रकच्या बॉड्या रंगवतात. मोर, कमळ, मालकाच्या लेकरांची नावं, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "सुदाम पेंटर." आईला ती सही आठवली असणार. त्यानंतर आम्ही भनपुरीचं नाव काढलं नाही.

आणि बाबा. बाबा कुठंच येत नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळंच. मिलिंदला जाऊन थोडेच दिवस झाले होते, भेटायला आलेलं कुणी हळहळलं, "पोराचं गाणं अर्धंच राह्यलं." ते आईनं हातवारे करून बाबांना सांगितलं. बाबांना आपला आवाज ऐकू येत नाही, ते बोलले की गल्लीभर जातं.

"अर्धं काहून? पुरं गायला तो!"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"लाइट गेली तं काय झालं. कोन्तरी मोटारसायकलचा हेडलाइट लावला होता. तो गातच होता. मी पाह्यलं न."

आई त्यांच्या पुढ्यात बसली, तोंड मोठं उघडून म्हणाली, "काय गायला?"

"थे कसं सांगू? ऐकलं असतं तं सांगतलं असतं. मी पाह्यलं."

म्हणजे त्या संध्याकाळी माझा भाऊ माइक नसताना, गोंधळात, एका हेडलाइटच्या उजेडात शेवटचं कडवं म्हणत होता. कोरसवाले खाली उतरले होते, पेटीवाला पेटी सांभाळत होता, सुदामभाऊ जनरेटर बघायला गेले होते. पुढ्यात एकच माणूस बसून राहिलं होतं. त्या माणसाचे कान मिलनं खाल्ले होते.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभी राहिले. मी शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण कधी कधी ऑफिसात कागद वाचता वाचता मला ते तोंड दिसतं. मी त्या दिवशी तिथं नव्हते तरी दिसतं. हलणारे ओठ, आवाज नाही. मी ओठांवरून शब्द काढायचा प्रयत्न करते. निघत नाहीत.

घरात या गाण्याचे दोन तुकडे होते आणि ते जुळत नव्हते. बाबा म्हणत, गाणं पूर्ण झालं. आई म्हणे, मी कुठं ऐकलं.

*

या वर्षी दोन गोष्टी झाल्या.

एक, लग्नांच्या गर्दीत साउंड मिळेनात म्हणून उरला, भनपुरी आणि गुढियारी, तिन्ही ठिकाणचे कार्यक्रम एकाच रविवारी आले. जुनं वाटून घेणं मोडलं. गुढियारीत नागपूरहून ऑर्केस्ट्रा, मोठा पडदा, सगळं. माझी मुलगी आर्या आठवीत आहे, मराठी तिला सगळी कळते, उत्तर हिंदीत येतं. ती म्हणाली, "मम्मी, तीनों छोड़ो ना। नवा रायपुर में म्यूज़िक फेस्टिवल है, टिकट वाला। वहाँ कम से कम लाइट तो नहीं जाएगी।" तिला मामाबद्दल सगळं माहीत आहे, तिनं ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर स्वतःच जीभ चावली.

दुसरी गोष्ट, आईचे कान. हिवाळ्यापासून ती टीव्हीचा आवाज वाढवत होती. डॉक्टर म्हणाले, वय आहे, हळूहळू कमी होत जाईल, मशीन लावून बघू. आईनं ते शांतपणे ऐकलं. घरी येताना ऑटोत म्हणाली, "बुढ्याचे मिलनं नेले, माहे असेच चालले." मग थोड्या वेळानं, "सुजे, माह्या कानानं एकडाव त्या गाण्यात त्याचं नाव ऐकाचं हाय. मंग गेले तं जाऊ दे."

मी म्हटलं, "आई, त्याचं कडवं कोनाजवळच नाही."

"मले मालूम हाय."

"मंग रविवारी कुठं जाचं? उरल्याला?"

उरल्याला गेलं तर त्याचा आवाज, नाव नाही. भनपुरीला गेलं तर नाव येईल, त्याचं नाही. आणि यंदा एकच जागा. कुणाला वाटेल त्यात एवढं काय. पण तिच्यासाठी पुढच्या एप्रिलचा भरवसा राहिला नव्हता.

"भनपुरी," ती म्हणाली. "पन आधी त्या पेंटरले भेटाचं हाय."

*

आम्ही दुपारी गेलो. भनपुरीत रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या सांगाड्यांमध्ये सुदामभाऊंची जागा. ते एका ट्रकच्या डाल्यावर, म्हणजे मागच्या फाळक्यावर, मोराची मान काढत होते. आईला बघून ब्रश डब्यात ठेवला आणि पाया पडायला आले. आईनं पाय मागं घेतले नाहीत, हातही ठेवला नाही डोक्यावर.

"सुदाम, गाणं कोनाचं हाय?"

"मिलिंदचं हाय, आई."

"मंग नाव?"

सुदामभाऊंनी स्टूल ओढून दिलं. स्वतः टायरवर बसले. "शेवटचं कडवं त्यानं मले सांगतलंच नाही. बिननावाचं गाणं लोक ऐकत नाही. दोन साल मी तसंच गायलो, दोन कडव्यात सोडलं. लोक म्हणे, काय हो पार्टी, लाइट गेली काय? मंग मी कडवं जोडलं. कडवं माहं, म्हणून नाव माहं."

"नाव त्याचं टाकलं असतं तं तुह्या बापाचं काय गेलं असतं?"

"शब्द माहे आन् नाव त्याचं?" सुदामभाऊ पहिल्यांदा वर बघून बोलले. "मंग तो तिथून म्हणल, सुद्या, एवढं पडेल कडवं माह्या नावावर खपवून राहिला काय बे?"

आईला हसू आलं. ते तिला आवडलं नाही, पण आलं. मिलिंद अगदी असंच म्हणाला असता.

पलीकडं कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मला वाटलं, हे इथंच संपलं. सुदामभाऊंचं म्हणणं मला पटलं होतं, तीच अडचण होती. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि त्याचं नाव लावायचं, ही उलटी चोरीच.

आई म्हणाली, "तू त्याच्यासारखं नको जोडू. जे झालं थे जोड. लाइट गेली. तो गात राह्यला. बापानं पाह्यलं. मले ऐकाचं राह्यलं. याच्यात खोटं काय हाय? आन् याच्यात त्याचं नाव येते का नाही?"

सुदामभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. तिथं निळा रंग लागला. ते बोटांनी टायरवर ठेका धरायला लागले.

मी बी.ए. असल्यामुळं मध्ये पडले. म्हटलं, "'दाटला तिमिर' असं घ्या."

आई म्हणाली, "हा तिमिर कोन हाय?"

"अंधार, आई."

"मंग लाइट गेली म्हन ना. गेली तं लाइटच होती."

पत्र्याचा आवाज थांबेपर्यंत कडवं उभं राहिलं होतं. दोन ओळी आईच्या बोलण्यातूनच आल्या, तिसरी सुदामभाऊंची. मी फक्त कुठला शब्द लांबतो ते सांगितलं.

*लाइट गेली तरी मिलिंद गातच राहिला,*
*मायनं ऐकला नाही, बापानं पाहिला,*
*त्याच्या मागं सारे आम्ही साथ झालो रे.*

सुदामभाऊंनी ते धरून म्हणायला घेतलं. त्यांना पुढं म्हणता येईना. आईनं तेव्हा त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "पन रविवारी अटकशीन तं पाह्य."

*

बाबांना नेणं हे वेगळंच काम होतं. ते म्हणाले, "मी येऊन काय करू? खुर्च्या मोजू?" आईनं हातांनी, तोंडानं, शेवटी भिंतीवर बोट ओढून सगळं समजावलं. त्यांनी विचार केला.

"गाते कोन?"

"सुदाम," आईनं तोंड मोठं केलं.

"त्याचं तोंड दिसन काय? माइक तोंडापुढं धरते साले."

रविवारी संध्याकाळी आम्ही भनपुरीला गेलो. बाबा स्टेजच्या पुढ्यात, आई त्यांच्या बाजूला, मग आर्या, मग मी. तिचा फेस्टिव्हल राहिला, तिनं त्याबद्दल तोंडातून काही काढलं नाही, फक्त एकदा कानात म्हणाली, "मम्मी, नाना रो देंगे क्या?" मी म्हटलं, "मले काय माहीत."

गाणं सुरू झालं. सुदामभाऊंना मिलिंदची धार नाही, त्यांचा आवाज गोल आहे, ऐकायला चांगला. पण "दिवा नव्हता घरी" म्हणताना मला खाली दुसराच आवाज ऐकू येत होता, खवखवीचा. तेव्हाच उरल्याच्या मांडवात तो खरोखर चालू असणार. तिथं आमच्या जागेवर दुसरं कुणी बसलं असणार. मला क्षणभर वाटलं, चूक केली, त्याला तिथं एकटं सोडलं. आईला तसं काही वाटत होतं का माहीत नाही. तिनं कानामागं हात धरला होता.

दुसरं कडवं संपलं. सुदामभाऊ उठून पुढं आले आणि बाबांसमोर गुडघ्यावर बसले. त्यांनी माइक तोंडापासून खाली घेतला, पार छातीपर्यंत, ओठ दिसावेत म्हणून. तिसरं कडवं त्यांनी जवळजवळ माइकशिवाय म्हटलं.

मागून लोक ओरडायला लागले. "आवाऽज! आवाज नाही येऊन राहिला!" कुणी शिट्टी मारली. साउंडवाला वायरी हलवायला धावला. ढोलकवाल्याला वाटलं माइक गेला, त्यानं हात थांबवला. हे सगळं आधी एकदा झालेलं होतं. फरक एवढाच की या वेळी पुढ्यातून कुणी उठलं नव्हतं. सुदामभाऊ थांबले नाहीत. बाबा त्यांच्या ओठांकडं बघत होते, सळई रोलात देताना बघत असतील तसं, पापणी न हलवता.

"लाइट गेली तरी मिलिंद..."

बाबांचे ओठ हलले. त्यांनी ते नाव सोबत म्हटलं. किती मोठ्यानं, ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. सगळ्या मांडवानं ऐकलं. मागचा आरडाओरडा थांबला. मग ढोलक आली, कोरस आला, साउंडवाल्यानं काय केलं कुणास ठाऊक, डबे गरजले आणि तिसरी ओळ सगळ्यांनी उचलली, ज्यांनी ती आधी कधी ऐकली नव्हती त्यांनीही, कारण चाल माहीत होती.

आर्या माझ्याकडं बघत होती. बाबा रडले नाहीत. आईनं कानामागचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"आलं?" मी तिच्या कानाशी म्हटलं.

"आलं," ती म्हणाली. "दोनदा आलं."

मिलिंदच्या गाण्यात आता मिलिंदचं नाव आहे, आणि ते आईनं तिचे कान असताना ऐकलं.